कीर्तनाला बसणारी : संत बहिणाबाई शिऊरकर





आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली त्या निमित्ताने हे पुस्तक निघत आहे. मंडळींनी आम्हाला एका संताचं चरित्र लिहून द्यायला सांगितलं. ज्ञानोबा-तुकोबांवर लिहिणारे शिकलेले लोक पुष्कळ आहेत. आमची शाळा चौथीपर्यंत, पुढचा अर्धा जन्म औताच्या मागं गेला आणि अर्धा कीर्तनात. म्हणून कुणावर लिहावं याचा चार दिवस विचार केला. विचार करताना असं ध्यानात आलं की या शंभर वर्षांत दिंडीच्या वहीत नावं राहिली ती विणेकऱ्याची, कीर्तनकाराची, मृदंगवाल्याची, चोपदाराची. समोर मांडी घालून जे रात्र रात्र ऐकत बसले त्यांचं नाव कुठंच नाही. करणारा एक, ऐकणारे दोनशे, आणि वहीत नाव एकाचं. तेव्हा आम्ही ठरवलं, चरित्र लिहायचं ते ऐकणारीचं लिहायचं.

ती ऐकणारी म्हणजे संत बहिणाबाई.

इथं एक गोष्ट आधी सांगून टाकतो, कारण दर सप्ताहात आम्हाला कुणीतरी विचारतंच. या बहिणाबाई म्हणजे जळगावकडच्या बहिणाबाई चौधरी नव्हेत. त्या खानदेशातल्या, आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या, १८८० साली असोद्याला जन्मल्या आणि १९५१ साली गेल्या. त्यांची गाणी आपल्या मुलांच्या पुस्तकात असतात. त्या थोर आहेतच. पण आम्ही सांगतो त्या बहिणाबाई त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या, तुकोबारायांच्या काळातल्या, त्यांच्याच शिष्या.

बहिणाबाई शके १५५० मध्ये, म्हणजे इसवी सन १६२८ साली देवगावला जन्मास आल्या. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या पश्चिमेला हे गाव आहे, आज त्याला देवगाव रंगारी म्हणतात, कन्नड तालुक्यात येतं. वडील आऊजी कुलकर्णी आणि आई जानकी. गावची कुलकर्णकी होती, म्हणजे खाऊनपिऊन बरं असणार. बाहुली खेळायच्या वयात लग्न लावून दिलं. नवरा शिऊरचा, नाव रत्नाकर पाठक, वय तीस वर्षं, बिजवर. काही जण त्यांचं नाव गंगाधर असंही सांगतात. वेद शिकलेले, ज्योतिष जाणणारे, आणि रागीट. हे सगळं आम्ही पदरचं सांगत नाही. बहिणाबाईंनी स्वतःचं आयुष्य स्वतःच अभंगांत सांगून ठेवलंय. त्याला आत्मनिवेदन म्हणतात. आपल्या संतांमध्ये इतकं सविस्तर स्वतःचं कुणी सांगितलेलं आमच्या ऐकण्यात नाही, आणि सांगितलं ते एका बाईनं.

मग घरात भाऊबंदकी शिरली. भाऊबंदकी काय चीज आहे ते शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. कर्ज झालं, तंटा वाढला, आणि बहिणा नऊ वर्षांची असताना आई, वडील, भाऊ, जावई सगळेच रातोरात गाव सोडून निघाले. भिक्षा मागत जायचं आणि मिळेल तिथं मुक्काम करायचा. गोदावरीच्या काठाने, मग शिखर शिंगणापूरचा महादेव, मग पंढरपूर. पंढरीत मुक्काम झाला, चंद्रभागेचं स्नान आणि विठ्ठलाचं दर्शन झालं. तिथून रहिमतपूर. रहिमतपूरचे भिक्षुक काशीला गेले होते म्हणून त्यांचं काम रत्नाकरांना मिळालं आणि पोटाची थोडी सोय झाली. तिथं बहिणा अकरा वर्षांची.

आता पाहा. उन्हातान्हात भिक्षेवर चालणारं पोर, त्याला भूक लागावी, खेळावंसं वाटावं. या पोरीचा ओढा मात्र कुठं पुराण चाललंय, कुठं कथा चाललीये तिकडे. समवयस्क पोरींच्या खेळात मन रमेना, असं त्या स्वतः सांगतात. आम्हाला हे खोटं वाटत नाही. आपल्या गावातही सप्ताहात असं एखादं पोर दिसतं. बाकीची पोरं मंडपामागं चिखलात खेळत असतात आणि ते एक मृदंगाच्या पायाशी बसून तोंडाकडं बघत असतं. त्याला उठवलं तरी उठत नाही. अशा पोराला कुणी शिकवलेलं नसतं. ते तसंच येतं.

रहिमतपूरहून मंडळी कोल्हापूरला आली. हिरंभट नावाच्या विद्वान ब्राह्मणाच्या घरी ओसरीला राहायला जागा मिळाली. कोल्हापूर म्हणजे क्षेत्र, अंबाबाईचं ठिकाण. पुराण, कथा, कीर्तन यांची तिथं रेलचेल. ऐकायची भूक असलेल्या पोरीला सुगी लागल्यासारखं झालं.

त्यात तिथं जयरामस्वामी आलेले होते. हे वडगावचे, सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यात त्यांच्या नावाचंच वडगाव आहे. समर्थांच्या पंचायतनात त्यांची गणना होते. कथा करण्यात त्यांचा हातखंडा. आणि आपल्या दृष्टीनं मोठी गोष्ट अशी की ते कथेत तुकोबारायांचे अभंग म्हणायचे. तुकोबा देहूला देहाने होते त्या काळात त्यांचे शब्द कोल्हापूरला कीर्तनात पोचले होते. बहिणेच्या कानावर तुकोबा पहिल्यांदा पडले ते असे, दुसऱ्याच्या तोंडून, गर्दीत मागं बसून ऐकताना.

आता वासराची गोष्ट. ही आम्ही कीर्तनात नेहमी सांगतो आणि इथंही जरा थांबून सांगणार आहोत.

हिरंभटांना कुणी एक कपिला गाय दान दिली होती, गाय गाभण होती आणि ती व्याली. पुढं हिरंभटांना स्वप्नात दृष्टांत झाला की ही गाय रत्नाकराला द्यावी, म्हणून त्यांनी गाय वासरासह दिली. गाईचं सगळं बहिणेकडं आलं. वैरण, पाणी, शेण, खरारा. वासराला तिचा इतका लळा लागला की तिच्या हातचं असल्याशिवाय ते चारा खाईना, पाणी पिईना. ती पाण्याला निघाली की वासरू मागं. ती नजरेआड झाली की हंबरायला लागायचं. शिकलेल्या माणसाला यात चमत्कार वाटेल, ज्याच्या दावणीला जनावर आहे त्याला वाटणार नाही. वासरू माणूस ओळखतं ते वासानं आणि हातानं. ज्या हातानं पहिली कोवळी वैरण मिळाली, त्या हातामागं ते विहिरीपर्यंत येतं, शेतापर्यंत येतं, आणि दार लावलं तर दाराला डोकं घासत उभं राहतं. त्या पोरीलाही दुसरं कुणी नव्हतं. परका मुलूख, ओसरीचं राहणं, नवरा बापाच्या वयाचा. तिनं जीव लावला तो वासराला.

आणि बहिणा कथेला जायची. मग वासरू कुठं जाणार? तेही कथेला जायचं. आईबापाबरोबर ही पोर बसायची आणि बाजूला वासरू उभं. कथा संपून सगळ्यांनी नमस्कार केला की वासरूही मान जमिनीला टेकवायचं, असं त्यांनी सांगून ठेवलंय. लोक हसायचे, काही कौतुक करायचे.

एके रात्री जयरामस्वामींच्या कथेला फार गर्दी झाली. मुंगीला शिरायला वाट नाही. त्यात वासरू. लोकांना अडचण वाटली. जनावर काय कथा ऐकायला आलंय, असं म्हणून त्याला ओढत बाहेर नेलं. बाहेर ते हंबरडा फोडायला लागलं, आणि आत ही अकरा वर्षांची पोर रडायला लागली. कथेत दोन्हीकडून आवाज. जयरामस्वामींच्या कानावर गेलं. त्यांनी चौकशी केली आणि वासराला आत आणायला सांगितलं. पोरीला आणि वासराला जवळ घेतलं, दोघांच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि मग कथा पुढं चालली.

यावर आमचं एक मत आहे. आम्ही चाळीस वर्षं कीर्तन करतो. पूर रंगात आलेलं असताना कुणी मधूनच उठलं, पोर रडलं, कुणाचा फोन वाजला तरी कीर्तनकाराच्या कपाळाला आठी पडते. काही महाराज तर माईकवरून त्या बाईला सगळ्यांदेखत झापतात की पोराला बाहेर घेऊन जा. ती बिचारी पदर तोंडाला लावून उठते आणि पुन्हा त्या सप्ताहात येत नाही. जयरामस्वामी विद्वान होते, नाव होतं, दोन-चारशे माणसं समोर होती. त्यांनी कथा थांबवून वासराला आत घेतलं. ऐकायला आलेल्याचा दर्जा त्यांना कळत होता. मोबाईलवर कीर्तन ऐकणाऱ्यांनाही आमचं हेच सांगणं असतं. ऐका, गोठ्यात धारा काढताना ऐका, ट्रॅक्टरवर ऐका, काही बिघडत नाही. पण मोबाईलमधला महाराज तुमच्या वासराला आत बोलावणार नाही. त्याला तुम्ही दिसतच नाही. समोर बसलेल्याचा चेहरा बघून कीर्तन वळतं, दृष्टांत बदलतो, कधी कधी चालू चरण सोडून भलतीकडंच जावं लागतं, कारण पुढं कुणीतरी रडत असतं.

असो. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट गावभर झाली. कुणीतरी जाऊन रत्नाकराचे कान भरले. बायको कथेत जाऊन रडते, गोसावी तिच्या डोक्यावर हात ठेवतात, लोक तिच्या पाया पडायला लागलेत. रत्नाकर रागीट होतेच. त्यांनी त्या पोरीला वेणीला धरून मारलं. गुरासारखं मारलं आणि बांधून ठेवलं. आईबाप बघत होते, मध्ये पडायची त्यांची ताकद नव्हती, तेही जावयाच्याच आधारानं राहत होते.

हा मार सांगताना आम्ही काही कीर्तनकारांना थोडं हसवून नेताना ऐकलंय. नवऱ्याची नक्कल करायची, हातवारे करायचे, आणि मंडप हसतो. आम्हाला ते पटत नाही. अकरा वर्षांच्या लेकराचा मार आहे तो. तिनं काय केलं होतं? कीर्तन ऐकलं होतं. अजूनही आपल्याकडं बाईला हरिपाठाला जायचं तर सगळं उरकून जावं लागतं. भाकरी थापून, भांडी घासून, म्हाताऱ्याला औषध देऊन, आणि तरी परत आल्यावर उशीर का झाला म्हणून ऐकून घ्यावं लागतं. काहींना नुसतं ऐकून घेण्यावर भागत नाही. आपल्या दिंडीत ज्या माउल्या डोक्यावर तुळस घेऊन वीस दिवस चालतात, त्यातल्या कितीजणी घरात काय सोसून आल्यात ते त्यांनाच ठाऊक. त्यांच्यापुढं उभं राहून हा मार हसवून सांगायचा म्हणजे फार झालं.

बहिणेला बांधून ठेवलं तेव्हा गाय आणि वासरू दोघांनी चारा सोडला, पाणी सोडलं. रत्नाकरांनी हे पाहिलं. जयरामस्वामींच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतः घरी आले. त्यांनी रत्नाकरांना समजावलं की ही पोर साधी नाही, मागच्या जन्मीचं अपुरं राहिलेलं पुरं करायला आली आहे, हिला त्रास देऊ नये, यात तुझंही कल्याण आहे. रत्नाकर तेवढ्यापुरते निवळले.

पण वासरू काही राहिलं नाही. ते गेलं. लोकांनी भजन करत नेऊन त्याला पुरलं. बहिणा बेशुद्ध पडली, काही दिवस तिला खाण्यापिण्याची शुद्ध नव्हती. शुद्धीवर आली तेव्हा मनात एकच होतं. ज्यांचे अभंग जयरामस्वामींच्या तोंडून ऐकले ते तुकोबा भेटावेत. कोल्हापूर कुठं आणि देहू कुठं. आजच्या रस्त्यानेसुद्धा जवळजवळ अडीचशे किलोमीटर. बाईमाणसाला एकटीला वाड्याच्या बाहेर जायची मुभा नाही. तिनं तुकोबांना पाहिलेलं नव्हतं, नुसतं ऐकलेलं होतं. त्या ऐकण्यावर तिनं ध्यास घेतला. आणि कार्तिक वद्य पंचमीला, रविवारी, स्वप्नात तुकोबाराय आले, डोक्यावर हात ठेवला आणि राम कृष्ण हरि हा मंत्र दिला. हा मंत्र बाबाजी चैतन्यांनी तुकोबांना दिला तोही स्वप्नातच. गुरूला जसा मिळाला तसाच शिष्येला मिळाला.

यावर कुणी म्हणेल की स्वप्नाचं काय खरं धरायचं. आम्ही वाद घालत नाही. पण जे कानातून आत गेलेलं असतं तेच स्वप्नात उठतं, एवढं आम्हाला अनुभवानं माहीत आहे. चौथीपर्यंतच्या शाळेत जे शिकलो त्यातलं फार थोडं उरलंय. अभंग पाठ आहेत ते सगळे ऐकून झालेले. आमच्या घरी गाथा पुढं आली, आधी अभंग कानात होते.

लोक आता बहिणेला पाहायला यायला लागले, तिच्या तोंडून नाम ऐकायला बसायला लागले. रत्नाकरांना ते सोसेना. आपण वेद शिकलेले ब्राह्मण, आणि बायको एका शूद्र वाण्याला गुरू मानते, आणि लोक मान देतात ते तिला. त्यांनी ठरवलं की हिला माहेरच्यांकडं टाकून आपण रानात निघून जायचं. बहिणाबाईंच्या पोटात तेव्हा तीन महिन्यांचं मूल होतं. त्यांनी देवाला आळवलं. त्यांची कोंडी आपण समजून घेतली पाहिजे. बाईच्या जातीला वेद म्हणायचा अधिकार नाही, गायत्रीचा नाही, मग परमार्थ करायचा कशानं, हे दुःख त्यांनी अभंगांत मोकळेपणानं मांडलंय. एक कीर्तन तेवढं ऐकता येत होतं. तेच दार उघडं होतं आणि नवरा तेही लावू पाहत होता. तरी नवऱ्याची सेवा सोडायची नाही हेही मनात पक्कं. आजच्या मुलींना हे दुसरं पटणार नाही. आम्हाला तरी सगळं पटतं असं नाही. पण त्या जशा होत्या तशा सांगितल्या पाहिजेत.

रत्नाकर निघायच्या तयारीत होते तोच त्यांना जबर ताप भरला. अंगाची लाही झाली, औषध लागू पडेना. रात्रंदिवस बहिणाबाई उशाशी. त्या दुखण्यात रत्नाकरांना आपली चूक उमगली. तुकोबांची आणि बायकोच्या भक्तीची निंदा केली त्याचं हे फळ, असं त्यांनी मानलं, आणि बरे झाल्यावर सगळं बिऱ्हाड घेऊन देहूला निघाले. मारणारा हातच तिला घेऊन निघाला. हा आमच्या मते वासरापेक्षा मोठा चमत्कार आहे.

देहूला पोचले तेव्हा देवळात आरती चालली होती. इंद्रायणीचं स्नान करून मंडळी आत गेली, आणि स्वप्नात पाहिलेले तुकोबा समोर उभे. जे वर्षभर, दोन वर्षं, किती का असेना, दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं ते आता मूळ तोंडून ऐकायला मिळणार. ज्यानं एखाद्या गवयाच्या नुसत्या तबकड्या ऐकल्या आणि मग एक दिवस त्याला मैफलीत पुढच्या सतरंजीवर बसायला मिळालं, त्याला विचारा काय होतं ते.

राहायला जागा हवी होती. मंबाजी गोसाव्यांच्या घरी विचारायला गेले तर त्यांनी घालवून दिलं. पुढं या मंबाजींनी फार छळलं. आपल्याला गुरू करा म्हणून मागं लागले, आणि ही ब्राह्मण मंडळी तुकोबांची म्हटल्यावर चिडले. पुण्याला आपाजी नावाच्या गोसाव्यांना पत्र लिहून तक्रार केली. बहिणाबाईंची गाय चोरून नेली, कोंडून मारली. त्या माराचे वळ तुकोबांच्या पाठीवर उठले असं बहिणाबाई सांगतात.

मंबाजींचं आणखी एक महिपतींनी लिहून ठेवलंय. ते आमच्या विषयाला धरून आहे म्हणून सांगतो. मंबाजी तुकोबांचा द्वेष करायचे, पण कीर्तनाला मात्र येऊन बसायचे. एकदा तुकोबांची म्हैस त्यांच्या बागेत शिरली, त्यावरून त्यांनी काटेरी फांद्यांनी तुकोबांना मारलं. रात्री कीर्तन उभं राहिलं, तुकोबांनी पाहिलं तर मंबाजी आलेले नाहीत. तेव्हा तुकोबा त्यांच्या घरी गेले, मारून मारून हात दुखले असतील म्हणून विचारपूस केली आणि कीर्तनाला घेऊन आले. मार खाल्लेल्या माणसानं मारणाऱ्याला बोलावून आणलं, का? तर ऐकणारा एक कमी होता. या मंबाजीला आपण कीर्तनात फार शिव्या देतो. द्याव्यात. पण तोही सतरंजीवर बसत होता एवढं तरी सांगावं.

बहिणाबाईंची बसायची जागा म्हणजे देहूचं देऊळ आणि आनंद ओवरी. रोज कीर्तन, रोज श्रवण. देहूलाच त्यांना मुलगी झाली, काशीबाई. बाळंतीण बाई, परका गाव, भिक्षेचं अन्न, वर मंबाजीचा जाच. आणि तरी त्यांच्या सांगण्यात देहूच्या दिवसांचं कुठं रडगाणं नाही. त्या दिवसांत पोटभर ऐकायला मिळालं, एवढंच सुख त्यांनी मोजलंय. आणि त्या ऐकण्याचा आपल्यालाही फायदा झाला. तुकोबांच्या कीर्तनाला प्रत्यक्ष बसून मग स्वतःच्या हाताने लिहून ठेवणारी माणसं किती? महिपती शंभर वर्षांनी झाले. बहिणाबाईंनी डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. आज विद्वान लोक तुकोबांचं चरित्र शोधतात तेव्हा त्यांना या बाईच्या दारात यावं लागतं.

फाल्गुन वद्य द्वितीयेला, इसवी सन १६५० साली तुकोबाराय वैकुंठाला गेले. बहिणाबाई तेव्हा बावीस वर्षांच्या आत. पुढं पन्नास वर्षं जगल्या. त्या पन्नास वर्षांचं फार सांगण्यासारखं नाही, आणि त्यांनीही फार सांगितलेलं नाही. मुलगा झाला, त्याचं नाव विठोबा. शिऊरला राहिल्या, संसार केला, अभंग रचले. आपल्या संप्रदायाची इमारत कुणी कशी उभी केली, पाया कुणाचा आणि कळस कुणाचा, हा अभंग आपण प्रत्येक दिंडीत म्हणतो. तो बहिणाबाईंचा आहे. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांना ते ठाऊक नसतं. पाया ज्ञानदेवांना दिला, कळस तुकोबांना दिला, आणि स्वतःला घेतलं काय, तर वर फडकणारी पताका. पताकेला स्वतःचं बळ नसतं, वारा असेल तशी ती हलते. जन्मभर ऐकणाऱ्या बाईला हेच सुचणार.

शके १६२२. विठोबाची बायको वारली होती आणि तो क्रियाकर्मासाठी गोदावरीच्या काठी गेला होता. बहिणाबाईंनी त्याला निरोप पाठवून बोलावून घेतलं. तो आला तेव्हा त्यांनी सांगितलं की आता आपले पाच दिवस राहिले. विठोबानं काय विचारलं तर आई, तुला मागचे जन्म आठवतात का? मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. मागचे बारा जन्म एकेक करून सांगितले. कोणत्या गावी, कुणाच्या पोटी, कोण गुरू, कशात मन अडकलं, आणि हा तेरावा. जन्मभर दुसऱ्यांच्या कीर्तनाला बसलेली बाई आता सांगत होती आणि मुलगा समोर बसून ऐकत होता. त्यानं ऐकलं म्हणून ते उरलं. आश्विन शुद्ध प्रतिपदेला, इसवी सन १७०० साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी त्यांनी देह ठेवला. समाधी शिऊरला, वैजापूर तालुक्यात आहे.